एकाच नावाच्या दोन खोल्या

नांदेड-लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात 'एआरटी' म्हणजे एचआयव्हीच्या मोफत गोळ्यांचं केंद्र. २०२१च्या कायद्यात 'एआरटी' म्हणजे आयव्हीएफसारखं, मूल होण्यासाठीचं तंत्रज्ञान. कोड लिहिताना एकाच जागी दोन गोष्टींना एक नाव दिलं की कंपायलर अडवतो. इथे गोंधळ होत नाही, कारण दोन्ही एआरटी एकाच माणसाला लागतील असं आपल्या मनातच येत नाही.

सिनेमाच्याही आलं नाही. महेश मांजरेकरांच्या 'निदान'मध्ये (२०००) मुलीला रक्तातून लागण होते; म्हणजे तिच्यावर बोट ठेवायला जागा नाही आणि आपल्याला दया करणं सोपं. 'फिर मिलेंगे'ची (२००४) नायिका नोकरीसाठी कोर्टात जाते. 'माय ब्रदर निखिल'मधला (२००५) गोव्याचा जलतरणपटू घरच्यांची वाट बघतो. तिन्ही सिनेमे मनापासून केलेले, 'निखिल' तर आजही पोटात कालवतो. पण त्यांतला माणूस मरणाशी किंवा समाजाशी लढतो. त्याला बाळ हवंय, ही गोष्टच होत नाही. दुसरीकडे 'मला आई व्हायचंय' (२०११) आईपणाबद्दलच आहे, पण तिथे एचआयव्ही नाही. सिनेमातही दोन खोल्या वेगळ्याच.

जुन्या सिनेमांना दोष देत नाही. मोफत गोळ्याच २००४मध्ये सुरू झाल्या. १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एचआयव्हीबाधितांचा लग्नाचा हक्क स्थगित मानला होता. ते मत २००२मध्ये मागे पडलं. २०११च्या एका मोठ्या अभ्यासात पुण्यातली जोडपीही होती: लवकर गोळ्या सुरू केल्यावर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. उपचारांशिवाय आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के. नीट उपचार घेतले तर ५ टक्क्यांच्याही खाली. अनेक जोडप्यांना आयव्हीएफ लागतही नाही. ज्यांना लागतं, त्यांना एचआयव्हीमुळे उपचार नाकारता येत नाहीत, असं २०१७चा कायदा सांगतो.

विज्ञान आणि कायदा पुढे गेले, पटकथा तिथेच राहिली. खरं नाट्य तर आता आहे. आमच्याकडे लग्नाला वर्ष झालं की हळदीकुंकवात कुणीतरी विचारतंच, "काय गं, पाळणा कधी?" गोळ्या लपवता येतात, रिकामा पाळणा लपत नाही. खरं सांगावं तर घर सुटेल, गप्प बसावं तर 'वांझ' म्हणतील. या पेचावर मला सिनेमा हवाय. त्यात नायिकेला शेवटी मारू नका, कोर्टातही नेऊ नका. तिला डॉक्टरसमोर बसवा आणि विचारू द्या, "आम्हाला मूल हवंय. कसं करायचं?"