‘सावधान’ कोण कोणाला म्हणतं?

एरवी मी इथे माझ्या प्रयोगशाळेतलं काहीतरी समजावून सांगते. आज विषय लग्नाचा आहे.

जालन्यातल्या माझ्या मैत्रिणीचं लग्न ठरलंय. ती बौद्ध, तो अंबडकडच्या वारकरी घरातला. तिच्या घरी बुद्धवंदना हवी, त्याच्या आजीला मंगलाष्टकं. ‘दोन्ही अर्धं-अर्धं करू’ म्हटलं, तर दोन्ही घरं नाराज. मग तिने विचारलं, सत्यशोधक पद्धत कशी वाटते? म्हणून हे वाचन.

सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात झाला, भटजीशिवाय. आपण तेवढंच लक्षात ठेवतो. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते जोतीरावांच्या मंगलाष्टकांतलं बोलणं. तिथे वधू वराकडे स्त्रीच्या हक्कांबद्दल वचन मागते आणि वर ते देतो. म्हणजे नवरा-नवरी नुसते ऐकत नाहीत, एकमेकांशी बोलतात.

पण ही पद्धत सगळ्यांना सामावते का? माझ्या मते पूर्ण नाही. जोतीरावांनी देव नाकारला नाही. सगळ्यांचा एकच ‘निर्मिक’ मानला. हिंदू-मुस्लिम किंवा हिंदू-ख्रिस्ती जोडप्याला हे जमेल. बौद्ध धम्मात मात्र निर्मात्याला जागाच नाही. मैत्रीण नेमकी इथेच अडली. ‘माझं नाव घेऊन दुसऱ्याचा देव कशाला?’ तिचा प्रश्न बरोबर आहे.

आता कायदा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बौद्धही येतात, पण विधी दोघांपैकी एकाच्या तरी रूढीतला लागतो. स्वतः रचलेल्या विधीवर पुढे वाद होऊ शकतो. १९५४ चा विशेष विवाह कायदा जास्त मोकळा आहे. तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हा त्रास खराच. पण कलम १२ नुसार विधी कोणताही चालतो. अट एवढीच की विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. जोतीरावांच्या विधीचा गाभाही तोच, फक्त निर्मिकाशिवाय.

म्हणून मी तिला सुचवलं: नोंदणी या कायद्याने करा, आणि वचनं दोघांनी बसून स्वतः लिहा. वंदना होऊ दे, आजीचा अभंगही होऊ दे. पण लग्न लागतं ते वचनांनी, हे मांडवात आधीच सांगा.

आपल्याच जिल्ह्यातल्या जांबच्या रामदासांची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. ‘सावधान’ ऐकलं आणि ते बोहल्यावरून निघून गेले, असं सांगतात. बाकीचे आपण अक्षता टाकतो आणि जेवायला पळतो. निदान नवरा-नवरीने तरी आपल्या लग्नात काय म्हटलं जातंय ते ऐकावं, आणि पटेल तेच म्हणावं.