एका रोगनामाची चिकित्सा

रॉबर्ट श्प्रिन्टझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली वर्णिलेल्या लक्षणसमूहास ‘व्हेलो-कार्डिओ-फेशियल’ हे नाव मिळाले. तालू, हृदय आणि चेहरा यांची ही केवळ मोजदाद होय, व्याख्या नव्हे. श्प्रिन्टझेन हे वाग्दोषांचे अभ्यासक, तेव्हा तालूस अग्रमान मिळाला यात नवल नाही. परंतु नाव एकदा रूढ झाले की पाहणाऱ्याची नजरही त्याच्या मागोमाग जाते; आणि या नावात मान नाही.

या विकारात वाणी पुष्कळदा सानुनासिक होते. मृदू तालू घशाच्या मागील भिंतीस पुरता भिडत नाही, तोंडात कोंडावयाची हवा नाकावाटे निसटते, आणि ‘ब’ उच्चारू पाहणाऱ्याचा ‘म’ ऐकू येतो. यावरील एका शस्त्रक्रियेत मागील भिंतीचीच पट्टी सोडवून ती तालूस शिवतात. धोका नेमका तेथेच असतो. आंतर ग्रीवा रोहिणी एरवी घशाच्या बाजूस खोलवर असते. या रुग्णांपैकी काहींत ती मध्याकडे सरकून भिंतीच्या अस्तरालगत येते. क्वचित तिचे स्पंदन नुसत्या डोळ्यांनाही दिसते. पट्टी कापणारी सुरी आणि मेंदूस रक्त पुरविणारी रोहिणी यांत मग अंतर ते किती उरणार? हे निरीक्षण प्रसिद्ध झाले १९८७ मध्ये, म्हणजे १९७८ च्या वर्णनानंतर नऊ वर्षांनी. सर्वच रुग्णांचे रोहिणीचित्रण करावे की दुर्बिणीतून स्पंदन पाहणे पुरे, याविषयी शल्यविशारदांत मतभेद आहे. रोहिणी आधी शोधावी याविषयी तो नाही.

एका नावात सारे मावावे अशी अपेक्षा अर्थातच अन्याय्य ठरेल. आक्षेप निराळा आहे. अवयवांची यादी त्यांचे समान मूळ झाकून टाकते. गर्भाच्या ग्रसनी-चापांतून व त्यांलगतच्या कोष्ठांतून तालू, थायमस, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्या आणि ग्रीवा रोहिण्या या सर्वांच्या घडणीस हातभार लागतो. डायजॉर्ज यांनी १९६५ मध्ये थायमसचा अभाव टिपला, श्प्रिन्टझेन यांनी तालू. दोघांच्या बहुसंख्य रुग्णांत बाविसाव्या गुणसूत्राचा एकच तुकडा गळालेला असतो, हे १९९० नंतर उमगले. त्याही आधी, १९५५ मध्ये, एव्हा सेडलाचकोव्हा यांनी आखूड तालू व सानुनासिक वाणी यांचे वर्णन केले होते. लेख चेक भाषेत होता. जगाने त्याची दखल उशिरा घेतली.

‘२२क्यू११.२ लोप’ हे आजचे नाव रुक्ष खरे, पण ते कोणत्याही अवयवास वगळीत नाही. मराठीत ‘तालु-हृदय-मुख’ असा प्रतिशब्द घडविल्यास जुन्या यादीचा दोष तर येईलच, शिवाय ‘मुख’ म्हणजे चेहरा की तोंड, हा नवा घोळही पदरी पडेल.