सणाची मालकी

सण लोकांचा असतो आणि व्यापार त्यावर मागाहून आपले कलम बांधतो, ही आपल्या समीक्षेत रूढ झालेली समजूत एकदा तपासून पाहिली पाहिजे. प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य चेन्नईच्या उत्तरेस, आंध्रच्या सीमेलगत असलेल्या गुम्मिडिपूंडी या गावी आहे. दीपावलीच्या सकाळी येथील एखाद्या गल्लीतून चालत गेले, तर दूरचित्रवाणीवरील एकच पट्टिमन्रम् घराघरांतून ऐकू येते. एका उंबऱ्याशी सुरू झालेले वाक्य पुढच्या उंबऱ्याशी पूर्ण होते.

पट्टिमन्रम् या शब्दास मराठीत ‘वादविवाद’ हा पर्याय सुचतो, परंतु तो अपुरा आहे. यात दोन पक्ष असतात आणि निकाल देणारा ‘नडुवर’, म्हणजे मध्यस्थ, असतो. समोरच्या श्रोत्यांची दाद किंवा नापसंती त्या निकालात नकळत मिसळत जाते. या परंपरेचे मूळ दूरचे आहे. ‘मणिमेखलै’ या प्राचीन महाकाव्यात पट्टिमंडपाचा उल्लेख येतो. १४ एप्रिल १९९३ रोजी सुरू झालेल्या सन टीव्हीने हा प्रकार सणाच्या सकाळचा नित्यविधी करून टाकला, आणि मदुरैचे तमिळचे प्राध्यापक सॉलोमन पाप्पय्या यांचा आवाज त्या विधीचा जणू पुरोहित ठरला. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मैदानावर जाणे ज्यांना कधीच साधले नसते, अशा असंख्यांच्या घरी हा वाङ्मयप्रकार पोचला, हे श्रेय नाकारणे अनुदारपणाचे होईल.

मग तक्रार कशाची? व्यापाराची निश्चितच नव्हे. सणांच्या ज्या परंपरा आज आपणांस सनातन वाटतात, त्यांपैकी कित्येक छापखान्यातून निघाल्या आहेत. डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरल’ डिसेंबर १८४३ मध्ये विक्रीसाठीच निघाले. १८४८ साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे नाताळवृक्षाभोवतीचे चित्र छापले आणि तो वृक्ष इंग्रजांच्या घरोघरी रूढ होण्यास मोठा हातभार लावला. १८५० पासून डिकन्सने आपल्या साप्ताहिकाचे नाताळ अंक काढले. आपल्याकडे काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा नियतकालिकाचा खप हा विचार त्यांच्या मनात नव्हता असे कोण म्हणेल? मद्रासेत १९४४ च्या दीपावलीस प्रदर्शित झालेला ‘हरिदास’ हा चित्रपट ब्रॉडवे चित्रगृहात तीन दीपावल्या पाहीपर्यंत चालला. यांतील प्रत्येक उपक्रम धंद्याचा होता, आणि प्रत्येकास लोकांनी आपले म्हटले.

भेद आहे तो उगमात नसून पुढील ताब्यात आहे. फ्रँक काप्राच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या १९४६ च्या चित्रपटाचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. प्रदर्शनाच्या वेळी त्यास अपेक्षित यश लाभले नाही. १९७४ साली स्वामित्वहक्काच्या नूतनीकरणात चूक झाली. त्यानंतर अमेरिकेतील लहानमोठी केंद्रे तो स्वस्तात, मन मानेल तेव्हा दाखवू लागली आणि त्या अनिर्बंध पुनरावृत्तीतून तो नाताळचा अविभाज्य भाग झाला. १९९३ मध्ये मूळ कथा व संगीत यांच्या आधारे मालकी पुन्हा सांगण्यात आली, आणि १९९४ पासून त्याचे प्रक्षेपण एकाच वाहिनीच्या हाती गेले. कंपनीने चित्रपट निर्माण केला. परंपरा मात्र कंपनीची मूठ सुटल्यावर जन्मास आली, आणि ती सिद्ध झाल्यावर मूठ पुन्हा आवळली गेली.

दिवाळी अंकावर कोणा एकाची मूठ कधीच बसली नाही, हेच त्याच्या दीर्घायुष्याचे इंगित होय. ‘मनोरंजन’चा नमुना कोणीही उचलावा, संपादकांनी परस्परांशी स्पर्धा करावी, वाचकाने अंक फराळानंतर उघडावा किंवा पौषात, शेजाऱ्यास द्यावा किंवा वाचनालयातून आणावा. सणाचा वेळ वाचकाचा राहिला. वाहिनीच्या कार्यक्रमात ही मुभा नव्हती. घटिका तिची, विषय तिचा, आणि हशा पूर्वीच मुद्रित झालेला. घरातील श्रोता नडुवराच्या निकालात आता कोठेच मिसळत नाही. पट्टिमन्रमचा देह शाबूत आहे. त्याचा तिसरा पक्ष तेवढा गळाला आहे. अमेरिकेत हॉलमार्क वाहिनी २००९ पासून नाताळपटांची मालिका सणापूर्वी कितीतरी आठवडे सुरू करते; तेथे तर पंचांगही कंपनीच्या हाती गेले, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

येथे समीक्षेचे उत्तरदायित्व सुरू होते. दिवाळी अंकाची आपण साक्षेपाने परीक्षणे लिहितो, आणि मराठी कथेच्या जडणघडणीत त्याचा वाटा मानतो. सणाच्या दिवशी लक्षावधी माणसे जे भाषण ऐकतात, त्यावर वाङ्मयीन नियतकालिकांत क्वचितच काही लिहिले जाते. प्रक्षेपण क्षणभंगुर आहे ही सबब पूर्वी चालत असे. आज ते मुद्रण हव्या त्या वेळी पुन्हा पाहता येते. वाहिनीने हिरावलेली घटिका या मार्गाने श्रोत्याकडे काही अंशी परत आली आहे. परंतु आवाज मात्र परत आलेला नाही. तो विचारपूर्वक दिलेल्या प्रतिसादातूनच येईल: युक्तिवाद कोठे खरा होता, विनोदाने कोठे पळवाट काढली, निकाल न्याय्य होता की केवळ सर्वांस सुखावणारा, हे कोणीतरी लिहिले पाहिजे.

गल्लीत एकच वाक्य घराघरांतून वाहते, यात वाईट काही नाही. त्यावर एकाही घरातून उत्तर येऊ नये, हे मात्र सणाचे लक्षण नव्हे.