‘ज्ञानी’ रेडिओचे ज्ञान

१९९९ साली जोसेफ मिटोला यांनी ‘कॉग्निटिव्ह रेडिओ’ ही संज्ञा पुढे आणली, तेव्हा परिसर व वापरणाऱ्याची गरज ओळखून वागणारे यंत्र त्यांना अभिप्रेत होते. देवरॉय, मित्रन व तारोख यांच्या २००६ मधील निबंधात या विशेषणाचा अर्थ पालटतो. दुय्यम प्रेषकाला परवानाधारकाचा संदेश प्रक्षेपणापूर्वीच ठाऊक आहे, असे तेथे मुख्यतः गृहीत धरले आहे. मग कोस्टा यांचा १९८३ चा सिद्धांत उपयोगी पडतो: गाउसीय वाहिनीत प्रेषकाला आगाऊ ज्ञात असलेला व्यत्यय, ग्राहकास तो अज्ञात असला तरी, वाहिनीची क्षमता घटवीत नाही. गणित निर्दोष आहे आणि गृहीतही लपविलेले नाही. आक्षेप आहे तो नामकरणावर. कारण प्रत्यक्ष यंत्राला ‘ज्ञान’ होते ते कान देऊन, आणि त्या श्रवणालाही मर्यादा आहे. गोंगाटाची शक्ती नेमकी ठाऊक नसेल, तर एका पातळीखालचा संकेत केवळ ऊर्जामापनाने, कितीही वेळ ऐकले तरी, ओळखता येत नाही, हे तंद्रा व सहाय यांनी २००८ साली दाखविले. परवानाधारक बोलत आहे की नाही हेच जेथे कळत नाही, तेथे तो काय बोलणार हे कोठून कळणार? विद्यार्थी मात्र पहिल्या निबंधातील दर दुसऱ्या यंत्राच्या पदरात टाकतात. मराठीत तरी पहिल्यास ‘पूर्वज्ञ’ व दुसऱ्यास ‘श्रोता’ म्हणावे.