उत्तर एक, अर्थ दोन

स्वमग्नतेविषयी, म्हणजेच ऑटिझमविषयी, लोकांना किती माहिती आहे आणि तिला किती कलंक चिकटला आहे, हे मोजण्यासाठी अनेक देशांत प्रश्नावल्या वापरल्या जातात. अ‍ॅशली हॅरिसन व सहकाऱ्यांची २०१७ सालची प्रश्नावली त्यांपैकीच एक. वेगवेगळ्या संस्कृतींत चालावी या हेतूने ती तयार केली आहे. तिच्यात ४९ विधाने असून निदान, कारणे, उपचार व कलंक अशा चार अंगांनी उत्तरे तपासली जातात. सगळ्याची मिळून एकच गुणसंख्या देण्यापेक्षा ही विभागणी नक्कीच चांगली. परंतु दोन देशांचे आकडे शेजारी मांडून 'इथे अज्ञान जास्त, तिथे कमी' असे म्हणता येईल का? आम्हांला शंका आहे.

'आईची माया कमी पडल्याने मूल स्वमग्न होते' हे विधान घेऊ. १९५० ते ६० च्या दशकांत अमेरिकेत ही कल्पना रूढ होती. बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली तिला आव्हान दिले आणि पुढे ती चुकीची ठरली. तेव्हा तिला 'होय' म्हणणाऱ्याचा गुण कापणे योग्यच.

आता दक्षिण कोरियाचे उदाहरण पाहू. मानववंशशास्त्रज्ञ रॉय रिचर्ड ग्रिंकर यांनी २००७ सालच्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे, की तेथील अनेक आयांना स्वमग्नतेपेक्षा 'आईशी जिव्हाळा न जुळल्याने झालेला विकार' हे निदान बरे वाटे. स्वमग्नता आनुवंशिक म्हटली की साऱ्या घराण्याला बोल लागतो, भावंडांची लग्ने अडतात. दुसऱ्या निदानात दोष एकट्या आईवर येतो. प्रश्नावली ज्याला अज्ञान म्हणेल, ती इथे घराला कलंकापासून वाचवण्याची धडपड आहे. उलट 'आनुवंशिक' हे बरोबर उत्तर देणारा शेजारी त्याच ज्ञानाच्या आधारे सोयरीक मोडू शकतो!

हा केवळ गुणांचा प्रश्न नाही. यंग शिन किम व सहकाऱ्यांनी २०११ साली त्याच देशातील ७ ते १२ वर्षांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. स्वमग्नतेचे प्रमाण २.६४ टक्के निघाले. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुले साध्या शाळांत होती, निदानाविना आणि मदतीविना.

कलंक मोजण्याची आणखी एक रीत 'सामाजिक अंतरा'ची. एमोरी बोगार्डस यांनी १९२५ साली वांशिक पूर्वग्रहांसाठी ती मांडली. अमुक माणूस शेजारी म्हणून चालेल का, सहकारी म्हणून, लग्नाच्या नात्याने? हेच प्रश्न आता स्वमग्न व्यक्तींविषयी विचारतात. आपल्याकडे लग्न बहुधा घर ठरवते, जातही पाहिली जाते. मग इथला 'नाही' नेमका कोणाचा आणि कशाला?

मराठीत तर शब्दापासूनच अडचण आहे. 'स्वमग्न' ऐकताच वाटते, या मुलाला इतरांची ओढच नसावी. म्हणजे प्रश्नातच एक चुकीचे उत्तर दडलेले!

मोजूच नये, असे आम्ही म्हणत नाही. मोजल्याशिवाय शिक्षक-प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही, हे कळणार कसे? मात्र शाळेत अशी पाहणी करताना आधी नाव न सांगता मुलाच्या वागण्याचे वर्णन द्यावे, प्रत्येक उत्तरापुढे 'असे का वाटते?' ही ओळ ठेवावी, आणि लग्नाऐवजी विचारावे : याच्याशेजारी बाकावर बसाल? याला खेळायला घ्याल? या उत्तरांवर त्या मुलाचा शाळेतला दिवस अवलंबून असतो.