‘माहिती’ आणि ‘सूचना’ : वाणीसंशोधनाच्या निमित्ताने

इंग्रजीतील ‘इन्फर्मेशन’ या शब्दासाठी हिंदीने ‘सूचना’ हा शब्द स्वीकारला, मराठीने ‘माहिती’ हा पत्करला. २००५ चा कायदा हिंदीत ‘सूचना का अधिकार’ या नावाने ओळखला जातो, मराठीत तोच ‘माहितीचा अधिकार’ होतो. हा भेद केवळ पर्यायशब्दांचा नव्हे. मराठीत सूचना ही देणाऱ्याच्या इच्छेने येते, माहिती ही घेणाऱ्याच्या गरजेने. औरंगपुऱ्यातील जिल्हा परिषदेत फलकावर लागते ती सूचना. आणि खेड्यातून आलेला मनुष्य टेबलापाशी उभा राहून जे विचारतो त्याचे उत्तर ही माहिती. ‘माहिती’चे मूळ अरबी ‘माहियत’ या शब्दात मानले जाते, आणि त्या शब्दाच्या पोटात ‘ते काय आहे?’ हा प्रश्नच आहे. प्रश्नावाचून माहिती नाही, असे व्युत्पत्तीच सुचविते.

राष्ट्रविकासासाठी म्हणून विद्यापीठांतून माहितीव्यवस्थांवर जे संशोधन होते, त्याची परीक्षा या भेदाच्या आधारे करून पाहण्यासारखी आहे. अशा प्रबंधांचा एक साचा ठरून गेला आहे. पहिल्या प्रकरणात शेतकरी, निरक्षरता आणि ग्रामीण भारत यांचा उल्लेख असतो. दुसऱ्या प्रकरणापासून शेतकरी जो अदृश्य होतो तो उपसंहारातच पुन्हा भेटतो. मधल्या पानांवर राज्य असते ते अचूकतेच्या टक्केवारीचे.

१९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या, संगणकशास्त्र विभागात मराठी वाणीवर झालेले काम या संदर्भात महत्त्वाचे आहे. सुटे मराठी शब्द यंत्राने ओळखावेत यासाठी तेथे सिद्ध झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहात मराठी स्वर, त्या त्या स्वराने आरंभ होणारे शब्द आणि काही साधी वाक्ये होती. ३५ वक्त्यांनी प्रत्येक शब्द तीनदा उच्चारला होता. पुढे शेतीविषयक शब्दांचाही संग्रह त्याच विभागात तयार झाला. मराठीसाठी तयार सामग्री फारशी नसताना हे काम मराठवाड्यात झाले, याचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु वर्णमालेच्या क्रमाने निवडलेला शब्द हा बालबोध पुस्तकातील शब्द आहे. तो कोणी कोणाला उद्देशून बोललेला नाही.

मराठवाड्यातील शेतकरी विचारतो, “पऱ्हाटी लाल पडायलीय, काय मारावं?” या चार-पाच शब्दांत यंत्राच्या वाटेत किती खड्डे आहेत ते पाहावे. ‘पऱ्हाटी’ म्हणजे कपाशी. बाजारभावाच्या यादीत मात्र ‘कापूस’ असतो. ‘पडायला’ हे रूप प्रमाण मराठीत हेतू दाखविते, जसे ‘बघायला गेला’. मराठवाडी बोलीत तेच चालू क्रियेचे रूप होते आणि ‘पडायलीय’ म्हणजे ‘पडत आहे’. ‘मारणे’ म्हणजे येथे औषध फवारणे. प्रमाणभाषेवर पोसलेल्या यंत्राने यातील प्रत्येक ध्वनी बिनचूक टिपला तरी प्रश्न त्याच्या हाती लागेलच असे नाही. ध्वनी ओळखणे आणि उक्ती समजणे यांतील हे अंतर भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवे नाही. टक्केवारीच्या कोष्टकात मात्र त्याला स्तंभ नसतो.

शेतमालाचे भाव दूरध्वनीवरून सांगणारी व्यवस्था सहा भारतीय भाषांत उभी करण्याचा जो प्रकल्प अनेक संस्थांनी मिळून हाती घेतला, त्यात मराठी होती. त्या कामात नमुने खोलीत बसून न घेता प्रत्यक्ष शेतकऱ्यांकडून, दूरध्वनीवरून, गोंगाटासकट घेतले गेले. ही पद्धत निःसंशय अधिक प्रामाणिक होय. तथापि विचारणाऱ्याने जिल्हा, बाजार आणि माल यांची नावे सांगावी व यंत्राने भाव वाचून दाखवावा, एवढाच तेथे संवाद आहे. भाव उतरला तर माल ठेवावा की विकावा, हे विचारण्याची सोय त्यात नाही. नाव माहितीचे असले तरी घडण सूचनेची आहे.

याउलट मुंबईच्या आयआयटीत २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘आक्वा’ या व्यवस्थेने प्रश्नापासूनच आरंभ केला. शेतकऱ्याने आपल्या भाषेत प्रश्न मांडावा, हवे तर रोगट पानाचे छायाचित्र जोडावे, आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी उत्तर द्यावे, अशी ही योजना. तिच्याच आसपास ‘अ‍ॅग्रो-एक्सप्लोरर’ या नावाने अर्थाधारित शोधाचाही प्रयोग झाला. त्यात वाक्याचे भाषानिरपेक्ष अर्थरूप करून अन्य भाषेतील मजकूर शोधावयाचा होता. कल्पना मोठी होती. पण अर्थरूप हे शेवटी कोशावर उभे राहते. कोशात ‘पऱ्हाटी’ नसेल तर तिला अर्थही नाही. शिवाय ज्याला कळफलक येत नाही त्याचा प्रश्न दुसऱ्याने लिहावयाचा, आणि लिहिणारा तो नकळत ‘शुद्ध’ करणार, ही अडचण उरतेच.

वारणेचा अनुभवही येथे लक्षात घ्यावा. १९९८ च्या प्रकल्पात वारणा परिसरातील सुमारे ७० गावांत संगणक पोचले; लोकांनी ते वापरले ते मुख्यतः उसाच्या नोंदी आणि हिशेब यांसाठी. पुढे काही गावांत तेच काम भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशांवर भागते असे दिसून आले. लोकांनी यंत्राला विचारले ते त्यांना खरोखर विचारावयाचे होते तेवढेच.

यास्तव वाणीसंशोधनाच्या प्रबंधाने अचूकतेच्या आकड्याशेजारी आणखी एक यादी छापावी : यंत्राला न कळलेल्या उक्तींची, ज्या गावी त्या बोलल्या गेल्या त्या गावाच्या नावासह. आज असे नमुने बहुधा ‘सदोष’ म्हणून वगळले जातात. भाषाशास्त्र विभागांनी ती यादी मागून घ्यावी. ‘पडायलीय’ तेथेच सापडेल, आणि पुढील संग्रहातील वाक्ये कोणी निवडावीत हेही तिच्यावरून ठरविता येईल.