संमतीची ओळ

काही वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त आमचे बिऱ्हाड खुलताबादला होते. बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे, औरंगजेबाची उघडी कबर, पलीकडे भद्रा मारुती. दिवसभर कोणाची ना कोणाची प्रार्थना कानी पडणाऱ्या त्या गावात आमच्या प्रार्थनेला घराचा एक कोपरा तेवढा होता. मिस्साबलिदानासाठी शहर गाठावे लागे. मुलगी सरकारी मराठी शाळेत तिसरीत होती. एका संध्याकाळी तिने विचारले, "पप्पा, सरस्वतीच्या फोटोपुढं सगळ्यांनी हात जोडले. मी पण जोडले. येशूला राग आला असेल का?" बाईंनी दटावले नव्हते की दरडावले नव्हते. परंतु रांगेत उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या मुलीला सक्ती आणि रीत यांतला भेद कोण सांगणार? मी काहीतरी उत्तर दिले. ते तिला पटले नाही. मलाही पटले नव्हते.

हा प्रसंग पुन्हा आठवला तो भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेच्या शिक्षण विभागाने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमुळे. अन्य धर्मीय विद्यार्थ्यांवर आपल्या ख्रिस्ती प्रथा लादू नयेत, सकाळच्या सभेत संविधानाची उद्देशिका वाचावी, शाळेत सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष असावा, असे त्यात सुचविले आहे. यावर आपल्यापैकी काहींचा सूर असा, की आता आपल्याच शाळेत आपण आपल्या देवाचे नाव घ्यायचे नाही काय? ही खंत मी समजू शकतो. परंतु तिला आधार आहे का, हे पाहण्यासाठी मूळ मजकुराकडे, म्हणजे संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाकडे जावे लागते.

हा अनुच्छेद बारकाईने वाचण्यासारखा आहे. जी शाळा सर्वस्वी राज्याच्या पैशावर चालते, तिथे धार्मिक शिक्षण देताच येत नाही. माझ्या मुलीची शाळा या वर्गातली. जी शाळा राज्याची मान्यता किंवा अनुदान घेते, तिथे धार्मिक शिक्षणास वा उपासनेस मज्जाव नाही. मात्र विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीवाचून त्याला त्यात सहभागी करता येत नाही. आपल्या बहुतेक शाळा या वर्गात मोडतात. अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना शाळा चालविण्याचा हक्क दिला, तो ही अट पुसून टाकत नाही. तेव्हा 'लादू नये' हे २०२४ चे औदार्य नव्हे. १९५० पासूनचे ते कर्तव्य आहे. माझा आक्षेप असलाच तर एवढाच, की कर्तव्य हे सौजन्याच्या भाषेत मांडले की ते ऐच्छिक वाटू लागते.

आणि धर्मसभेचे स्वतःचे म्हणणे तरी निराळे कुठे आहे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा संमत केला. पालकांच्या श्रद्धेशी न जुळणाऱ्या पाठांना मुलांना सक्तीने बसविले, तर पालकांच्या हक्कांचा भंग होतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हे वाक्य खुलताबादच्या शाळेपुढे धरायला मला आवडले असते. पण मग तेच आपल्या शाळेपुढेही धरावे लागते.

प्रत्यक्षात ही संमती कशी घेतली जाते? आपल्या एका शाळेत मी प्रवेशाच्या दिवसांत बसलो होतो. अर्जाच्या मागच्या बाजूला, गणवेश आणि शुल्क यांच्या नियमांमध्ये, बारीक अक्षरांत एक ओळ होती: शाळेची प्रार्थना व मूल्यशिक्षण मान्य आहे. एका शेतकरी बापाने पुढे केलेल्या पेनाने त्या खाली सही केली. त्याने ती ओळ वाचली नव्हती, कोणी वाचूनही दाखविली नाही. कायद्याने ही संमती ठरेलही कदाचित. मला ती संमती वाटत नाही.

येथे दोन जुने मजकूर आठवतात. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची पद्धत आणली. त्यात सरकारी शाळांविषयी म्हटले होते, की बायबल ग्रंथालयात असेल. विद्यार्थ्याने स्वेच्छेने काही विचारले, तर शिक्षकाने शाळेच्या वेळेबाहेर त्याचे समाधान करावे. राज्यकर्ते ख्रिस्ती असताना त्यांनी स्वतःला घालून घेतलेले हे कुंपण होते. दुसरा मजकूर आपल्या अधिक जवळचा. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ चे 'ख्रिस्तपुराण' उघडते ते श्रोत्याच्या मागणीने: आम्हांला आमचे पुराण सांगा, असे श्रोता म्हणतो आणि मग पाद्री गुरू बोलू लागतो. कथा प्रश्नानंतर येते. त्या काळच्या गोव्यात धर्माच्या नावाने बरेच काही घडले, हे विसरून चालणार नाही. पण ग्रंथाची ही मांडणी मला शिक्षणाच्या दृष्टीने मोलाची वाटते.

आता प्रार्थनांच्या भाषेविषयी. 'कोणालाही दुखवू नये' म्हणून आपल्या अनेक शाळांत जी प्रार्थना म्हणतात ती इंग्रजीवरून उतरविलेली, 'हे सर्वशक्तिमान' म्हणून सुरू होणारी आणि कोणाशीच न बोलणारी असते. साने गुरुजींची सुपरिचित शालेय प्रार्थना याहून सरस का? कारण ती कोणत्याही देवाला हाक मारत नाही. धर्म म्हणजे काय तेवढेच सांगते. काटेकोरपणे पाहता ती प्रार्थनाच नव्हे, आणि म्हणूनच कोणत्याही धर्माचे मूल ती खोटे न बोलता म्हणू शकते. उलट रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्तगीते एकाला, नाव घेऊन, हाक मारतात. ती सभेच्या रांगेत सर्वांच्या तोंडी घालू नयेत आणि त्यांतील नाव गाळून ती गुळमुळीतही करू नयेत. ज्यांना ती हवी आहेत, त्यांच्यासाठी शाळेचा शेवटचा तास संपल्यावर खोली उघडावी.

प्रार्थनाकक्षाच्या सूचनेचा खरा उपयोग मला हाच दिसतो. आणि प्रवेश-अर्जातली ती ओळ वेगळ्या कागदावर, मोठ्या मराठी अक्षरांत छापावी. 'नाही' असे लिहायलाही जागा ठेवावी. पालकाला वाचता येत नसेल, तर वाचून दाखवावी.

माझी मुलगी आता मोठी झाली आहे. खुलताबादच्या त्या संध्याकाळचे तिला काही आठवत नाही, असे ती म्हणते. मी मात्र त्या प्रश्नाचे उत्तर अजून शोधतो आहे.